हजार रुपयांचं मानसशास्त्र

खापरीला मेट्रोतून उतरून मिहानात शिरलं की कुठे टीसीएस, कुठे एम्स, दहेगावकडे आयआयएम. या आयआयएमची फी लाखांत; पण आयआयटी-आयआयएमचेच प्राध्यापक मोबाइलवर फुकट शिकवतात, हे आपल्याकडच्या पालकांना अजून खरं वाटत नाही. फुकट म्हणजे भुक्कड, असा आपला हिशेब. हे शिकवणारं केंद्र सरकारचं ऑनलाइन व्यासपीठ ‘स्वयम’ २०१७ पासून सुरू आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीला मुख्य शाखेबाहेरचे विषय घ्यावेच लागतात. कॉमर्सच्या पोरीला मानसशास्त्र हवं असतं आणि कॉलेजात ते शिकवायला कोणी नसतं. मग वेळापत्रकात बसेल ते गळ्यात पडतं. पण यातून वाट आहे: यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम’वरून करायची मुभा दिली आहे. ‘स्वयम’वरच्या एनपीटीईएल या आयआयटींच्या उपक्रमाचा १२ आठवड्यांचा कोर्स म्हणजे ३ क्रेडिट. शिकणं मोफत, परीक्षेला हजाराच्या घरात शुल्क. मात्र परीक्षा घरी पलंगावर लोळत नाही, केंद्रावर जाऊनच द्यायची, आणि तिलाच ७५ टक्के वजन. खरी गोम वेगळीच आहे: कोर्स कॉलेजच्या मान्य यादीत हवा. आधी विचारलं नाही, तर प्रमाणपत्र हातात आणि क्रेडिट हवेत. परीक्षेचं वजन सोडून उरलेले २५ टक्के असाइनमेंटचे. त्यात १२ पैकी चांगल्या ८ च धरतात, म्हणजे महालक्ष्म्यांचा आठवडा बुडाला तरी भागतं.