अंडाशयाचा कर्करोग : पोटाच्या तक्रारीकडे दुर्लक्ष नको

दरवर्षी ८ मे हा दिवस जगभर अंडाशय कर्करोग दिन म्हणून पाळला जातो. २०१३ साली त्याची सुरुवात झाली. स्तनांच्या कर्करोगाविषयी आपल्या समाजात आता बरीच जागृती झाली आहे. अंडाशयाच्या कर्करोगाविषयी मात्र क्वचितच बोलले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे ४७ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ३३ हजार स्त्रिया त्याला बळी पडल्या.

मृत्यूंचे प्रमाण एवढे मोठे असण्याचे प्रमुख कारण म्हणजे उशिरा होणारे निदान. अंडाशय ओटीपोटात खोलवर असल्याने तेथील लहान गाठ हाताला लागत नाही. शासनाच्या तपासणी मोहिमेत तोंड, स्तन व गर्भाशयमुख या तीनच कर्करोगांचा समावेश आहे. पॅप चाचणी गर्भाशयमुखाची असते. तिचा अहवाल निर्दोष आला म्हणजे अंडाशयही निरोगी आहे, असे मुळीच नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांची अनेक वर्षे पाहणी करण्यात आली. निरोगी स्त्रियांची नियमित रक्ततपासणी व सोनोग्राफी करूनही मृत्यू कमी होत नाहीत, असा तिचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला.

म्हणूनच लक्षणांची ओळख महत्त्वाची ठरते. पोट फुगणे, पोटात किंवा ओटीपोटात दुखणे, दोन घास खाताच पोट भरणे, वारंवार वा घाईने लघवीला लागणे ही ती लक्षणे होत. अशा तक्रारी कोणालाही होतात आणि बहुतेक वेळा त्यामागे कर्करोग नसतो. परंतु त्या नव्याने सुरू झाल्या असतील आणि महिन्यातून बारापेक्षा अधिक दिवस जाणवत असतील, तर ओवा, सोडा किंवा पित्ताच्या गोळ्यांवर दिवस काढू नयेत. पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांनी, तसेच ज्यांच्या आईला वा बहिणीला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला आहे त्यांनी, विशेष सावध राहावे. रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाल्यास त्वरित तपासणी करून घ्यावी.

अशा वेळी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी, सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्तचाचणी या पहिल्या पायऱ्या आहेत. पुढील उपचारांसाठी नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय व जामठा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. थोडक्यात, विदर्भातील रुग्णाला उपचारांसाठी मुंबई गाठावीच लागते असे नाही.

उणीव आहे ती वेळेवर बोलण्याची. घरातील सर्वांची दुखणी काढणारी स्त्री स्वतःचे दुखणे सर्वांत शेवटी सांगते. आई दोन घासांतच ताटावरून उठू लागली असेल, तर कुटुंबीयांनी तिची आपुलकीने विचारपूस करावी आणि तिला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे.