रविवारी भोक पाडायचं नाही
भाचीने श्टुटगार्टला स्वतःचं पहिलं घर घेतलं. या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर तिने ते हौसेने दाखवलं आणि स्वयंपाकघरापाशी मी चाटच पडलो. ओटा नाही, सिंक नाही. भिंतीतून डोकावणारे दोन पाइप आणि छतातून लोंबणाऱ्या वायरी. जर्मनीत घर सोडताना पुष्कळ लोक कपाटांसकट अख्खं स्वयंपाकघर उचलून नेतात, दिवेसुद्धा. आपल्याकडे जाणारा भाडेकरू फार तर गिझर काढतो, आणि त्यावरही सोसायटीत महिनाभर चर्चा चालते. असो. ओटा येईल तेव्हा येईल, तोवर पोहे जमिनीवरच्या इंडक्शनवर होताहेत. खरी पंचाईत देव्हाऱ्याची आहे. भिंत काँक्रीटची, शनिवार सामान आणण्यात जातो, आणि रविवारी तिथे ड्रिल चालवायला बंदी! रविवारची विश्रांती 1919च्या वायमार राज्यघटनेत लिहिली गेली आणि 1949च्या राज्यघटनेने ते कलम जसंच्या तसं ठेवलं. त्या दिवशी हार्डवेअरची दुकानंही बंद, म्हणजे एखादा स्क्रू विसरलात तर सोमवारपर्यंत हात चोळत बसा. जावईबापू वैतागलेत. मी मात्र ठामपणे कायद्याच्या बाजूने आहे. आमच्या वरच्या मजल्यावर फर्निचरचं काम दिवाळीपासून चालू आहे, आणि त्यातली करवत नेमकी रविवारी, आमचं जेवण होऊन डोळा लागला की जागी होते. असं कलम आपल्याकडे उद्याच आणावं. तिकडे देव तूर्तास पुस्तकांच्या खोक्यावर बसलेत. ताईने पंचांग उघडून शनिवार सकाळचा मुहूर्त काढलाय आणि त्या दिवशी बाजारहाट बंद, असं जावयांना कळवूनही टाकलंय.