बोली कोटींची, हिशेब पेण-रोह्याचा

कबड्डीचा हंगाम मॅटवर संपतो, तेव्हा संघमालकांच्या दालनात तो सुरू होतो. कोणाला राखायचे, कोणाला सोडायचे, कोणासाठी किती मोजायचे, याच्या वावड्या प्रो कबड्डी लीगचा लिलाव जवळ आला की वेगाने पसरू लागतात. रायगड जिल्ह्यात, विशेषतः पेण आणि रोहा या तालुक्यांत, या वावड्यांना केवळ करमणुकीचे मोल नसते. गावागणिक संघ असलेला हा पट्टा आहे. २०१९ च्या जानेवारीत ६६ वी वरिष्ठ गट राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरली ती रोह्यातच. त्यामुळे लिलावात हातोडा कोठे पडतो, यावर येथील शेकडो घरांतील मुलांची स्वप्ने बेतलेली असतात. मात्र ही स्वप्ने ज्या आकड्यांवर उभी राहतात, ते आकडे बहुधा चुकीचे निवडलेले असतात.

पहिल्या हंगामात, म्हणजे २०१४ मध्ये, सर्वात महागडा ठरलेला राकेश कुमार १२ लाख ८० हजार रुपयांना पाटण्याकडे गेला होता. २०१८ मध्ये मोनू गोयतला हरियाणाने १ कोटी ५१ लाख रुपये मोजले आणि २०२३ मध्ये पवन सेहरावतवर तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजारांची बोली लावली. नऊ वर्षांत वीसपट वाढ! वृत्तपत्रांचे मथळे सजवायला हा आकडा पुरेसा आहे. पण त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवला, की चित्र बदलते. एका संघाला खेळाडूंवर खर्च करता येणारी कमाल रक्कम २०१८ मध्ये चार कोटी होती. २०२३ मध्ये ती पाच कोटी झाली. म्हणजे शिखरावरचा भाव या पाच वर्षांत सुमारे ७२ टक्क्यांनी वाढला, तर एकूण तिजोरी फक्त २५ टक्क्यांनी. वरच्याला मिळालेली वाढ मोठ्या प्रमाणात खालच्यांच्या वाट्यातून गेली, हा साधा अंकगणिताचा निष्कर्ष आहे.

२०२५ च्या लिलावात गुजरातने इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईसाठी २ कोटी २३ लाख रुपये दिले. पाच कोटींतून ही रक्कम वजा केल्यावर उरतात २ कोटी ७७ लाख. संघात किमान १८ खेळाडू हवेत. उरलेल्या १७ जणांत ही रक्कम सारखी वाटली, तरी प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी सव्वासोळा लाखच येतात. प्रत्यक्षात वाटणी सारखी नसते आणि ‘ड’ गटाची पायाभूत किंमत नऊ लाखच आहे.

एवढा खर्च करून यश तरी पदरात पडते का? अनुभव वेगळे सांगतो. पवनला विक्रमी किंमत देणारा तेलुगू संघ त्याच हंगामात तळाला राहिला. त्याआधी २०२२ मध्ये तमिळ थलायवाजने त्याच्यासाठी २ कोटी २६ लाख मोजले होते. पहिल्याच सामन्यात तो जायबंदी झाला आणि तरीही हा संघ नवोदितांच्या बळावर प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला. २०२५ मध्ये सर्वात महागडे ठरलेले दोघे, शादलुई आणि बंगालने २ कोटी २० लाख ५० हजारांना घेतलेला देवांक दलाल, यांचे संघ पहिल्या आठांतही आले नाहीत.

याउलट पुणेरी पलटणचा मार्ग पाहावा. नगर जिल्ह्यातून आलेला अस्लम इनामदार आणि मोहित गोयत यांना या संघाने तरुण वयात हेरले, हंगामामागून हंगाम राखले आणि दहाव्या हंगामाचे विजेतेपद मिळवले. त्या विजयात शादलुईचाही मोठा वाटा होता. तरीही पुढच्या लिलावापूर्वी त्याला मोकळे करण्यात आले. हा निर्णय अनेकांना कृतघ्नपणाचा वाटला, पण त्यामागे तिजोरीचा कठोर हिशेब होता. २०२५ मध्ये हाच संघ पुन्हा अंतिम फेरीत दिसला. अर्थात, पैसा निरुपयोगी आहे असे नव्हे. त्या अंतिम सामन्यात पुण्याला ३१-२८ असे नमवणाऱ्या दिल्लीने आशू मलिकसाठी १ कोटी ९० लाख मोजले होते; मात्र तो दिल्लीचाच खेळाडू होता आणि बोलीशी बरोबरी करून त्याला परत घेण्यात आले होते. जुळलेला संघ टिकवण्यासाठी केलेला खर्च आणि झगमगाटासाठी केलेला खर्च यांत हा फरक आहे.

पेण-रोह्याच्या दृष्टीने यातून निघणारा अर्थ महत्त्वाचा आहे. महागड्या खेळाडूभोवती संघ बांधायचा, तर बाकीच्या जागा स्वस्तात भराव्या लागतात. आणि त्या भरल्या जातात लिलावाबाहेर करारबद्ध होणाऱ्या ‘नव्या युवा खेळाडूं’नी. भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या मैदानांवर प्रकाशझोतात खेळणाऱ्या मुलासाठी लीगचा खरा दरवाजा हाच आहे. तो कोटींचा नाही. शिवाय मातीवर घडलेल्या मुलाला मॅटवरच्या वेगाशी जुळवून घ्यावे लागते, ते वेगळेच.

एके काळी या मुलांपुढे दुसरी वाट होती. रेल्वे, पोलीस, बँका, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम यांच्या संघांत निवड झाली की नोकरी मिळे. गुडघा निखळला तरी पगार थांबत नसे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण २००५ पासून आहे. पण ती वाट अरुंद होत गेली. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली, एअर इंडिया २०२२ मध्ये टाटा समूहाकडे गेली. नोकरीची शाश्वती आटत गेली आणि तिची जागा हंगामापुरत्या कराराने घेतली. लिलावात भाव किती वेगाने उतरतो, याचे उदाहरणही पवनच आहे : २ कोटी ६० लाखांवरून २०२४ मध्ये १ कोटी ७२ लाख ५० हजार आणि २०२५ मध्ये ५९ लाख ५० हजार. अव्वल खेळाडूची ही गत, तर नवोदिताचे काय?

अमेरिकेतील बेसबॉलमध्येही हंगामांमधील महिने अदलाबदलीच्या अफवांनी गाजतात. तेथे खर्चाला कठोर मर्यादा नाही. ठरावीक रकमेपुढे गेल्यास जादा कर बसतो. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. तेथील खेळाडूंच्या संघटनेने १९६८ मध्ये पहिला सामूहिक करार करून किमान वेतन ६ हजारांवरून १० हजार डॉलरवर नेले. २०२५ मध्ये ते ७ लाख ६० हजार डॉलर होते. शिखर मालकांच्या हौसेने उंचावते, पाया मात्र खेळाडूंच्या एकजुटीने.

कबड्डीत नेमके हेच राहून गेले आहे. सर्वात खालच्या खेळाडूचा मोबदला तिजोरीच्या वाढीशी बांधणे, नवोदितांना दुखापतीच्या काळातही करार व उपचारांचे संरक्षण देणे आणि तालुक्याच्या ठिकाणी सरावासाठी मॅट उपलब्ध करणे, या मागण्या अवास्तव नाहीत. राज्य आणि जिल्हा संघटनांनी त्या लीगपुढे मांडायला हव्यात, कारण लीगला खेळाडू पुरवणारी मैदाने त्यांच्याच कक्षेत येतात. तोवर रोह्यातील पालकाने मुलाला मैदानावर जरूर पाठवावे; पण हिशेब मांडताना अडीच कोटींचा नव्हे, तर नऊ लाखांचा आकडा समोर ठेवावा आणि मुलाचे शिक्षण सुटू देऊ नये.