विश्लेषण : ड्रायव्हरमधली ‘किरकोळ’ सफाई किरकोळ का नसते?

पवनीच्या बाजारात घेतलेला अँड्रॉइड फोन असो की पुण्यातला सर्व्हर, दोन्हींच्या मुळाशी बहुधा लिनक्स कर्नलच असतो. कॅमेरा, वाय-फाय, टचस्क्रीन यांच्याशी कर्नलचा संवाद घडवणारा कोड म्हणजे ड्रायव्हर. त्यात जगभरातून छोट्या दुरुस्त्या येतात : मोकळ्या जागा नीट करणे, न वापरलेले व्हेरिएबल काढणे. अशा दुरुस्त्या डोळे झाकून स्वीकाराव्यात का?

धोका नेमका कुठे?

समजा, ड्रायव्हर यंत्राचे एक रजिस्टर वाचतो, पण मिळालेला आकडा पुढे कुठेच वापरत नाही. ओळ निरुपयोगी वाटते. मात्र काही यंत्रांत नुसत्या वाचण्यानेच इंटरप्टचा संकेत पुसला जातो. ओळ काढली की यंत्र अडकते. ‘चेकपॅच’ ही स्क्रिप्ट कधी थांबण्याची पद्धत बदलायला सुचवते. पण जिथे कर्नलला झोपण्याची मुभाच नाही, तिथे तो बदल घातक ठरतो. स्क्रिप्टचा इशारा म्हणजे आदेश नव्हे.

असे पूर्वी घडले आहे?

ड्रायव्हरमधले नव्हे, पण बोलके उदाहरण डेबियनचे. तपासणी साधनाची तक्रार थांबावी म्हणून २००६ मध्ये ओपनएसएसएलच्या कोडमधल्या काही ओळी निष्प्रभ केल्या गेल्या. त्यामुळे तयार होणाऱ्या गुप्त चाव्या सहज ओळखता येण्याजोग्या झाल्या. हे उघड झाले मे २००८ मध्ये. हेतू चांगला होता. तपासणी अपुरी पडली.

मग नवख्यांना दार बंद?

मुळीच नाही. २००८ मध्ये ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी सुरू केलेल्या ‘स्टेजिंग’ विभागात कच्चे ड्रायव्हर ठेवले जातात. तिथली सफाई ही अनेकांची पहिली पायरी. पॅच साध्या ईमेलने जातो. त्यासाठी वैनगंगेकाठचे गाव सोडावे लागत नाही. पण शिस्त हवी. एका पॅचमध्ये एकच बदल, आणि तो का केला याचे दोन ओळींत कारण. यंत्र हाताशी नसेल तर ‘फक्त कंपाइल करून पाहिले’ असे स्पष्ट लिहावे.

तपासणाऱ्याचीही जबाबदारी आहे. त्याचा वेळ मोजका असतो, हे खरे. तरी नकार देताना एका ओळीचे कारण द्यावे. त्यातूनच उद्याचा तपासनीस तयार होतो. बदल लहान आहे म्हणून तपासणी लहान करणे मात्र कुणालाच परवडणारे नाही.