सरपणाची रास आणि घरातील ज्येष्ठ



वैशाख सरत आला की कोकणातील घरांमध्ये आगोटीची लगबग सुरू होते. तांदूळ, डाळी, मीठ-मसाला यांची भरती होते, कौले चाळली जातात आणि पावसाळ्याचे चार महिने पुरेल इतके सरपण आडोशाला नेले जाते. स्वयंपाकघरात गॅस येऊन पुष्कळ वर्षे लोटली असली, तरी न्हाणीघरातील तांब्याचा बंब आणि मागील दारची चूल अनेक घरांत अजूनही लाकडावरच चालते. हे काम बहुधा घरातील वडीलधाऱ्या माणसांकडेच असते. डाळीला कीड लागू नये म्हणून आपण जितके जपतो, तितके सरपणाच्या राशीकडे मात्र लक्ष देत नाही. वस्तुतः ज्येष्ठांचा श्वास, त्यांची कंबर आणि कधीकधी त्यांचे प्राणही या राशीवर अवलंबून असतात.

माझी थोरली काकू रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या मूळ घरी राहते. तिचे वय आता ऐंशीच्या घरात आहे. तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात, पहाटेच्या अंधारात बंब पेटविण्यासाठी तिने मागील भिंतीला टेकवून टाकलेल्या लाकडांत हात घातला आणि तिच्या बोटाला विंचवाने दंश केला. थोड्याच वेळात तिला दरदरून घाम फुटला आणि हातपाय गार पडले. वेळेवर उपचार मिळाल्यामुळे ती वाचली. त्यानंतर आम्ही सर्वांनी एकमताने बंब बंद केला आणि गिझर बसविला. काकूने विरोध केला नाही. पण ती अबोल झाली. साठ वर्षे घरात सर्वांआधी उठून पाणी तापविणारी ती बाई सकाळी अंथरुणावर नुसती बसून राहू लागली. पुढच्या उन्हाळ्यात ती एवढेच म्हणाली, “अरे, लाकडे तुम्ही रचा हवी तशी; पण बंब मीच पेटवीन.”

आमची चूक तेव्हा लक्षात आली. धोका काकूच्या कामात नव्हता, तो लाकडांच्या रचनेत होता. त्या वर्षी आम्ही रास नव्याने रचली. ती रचताना जे शिकलो, ते आपणांसमोर ठेवतो.

ओले लाकूड आणि श्वास

नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. असे लाकूड पेटविले की उष्णतेचा मोठा भाग ते पाणी उडविण्यातच खर्च होतो. ज्वाला थंडावते, लाकूड पूर्ण जळत नाही आणि न जळलेला भाग धुराच्या रूपाने बाहेर पडतो. या धुरातील अतिसूक्ष्म कण नाक आणि घसा ओलांडून फुप्फुसांत खोलवर जातात. वर्षानुवर्षे असा धूर घेतल्याने जुनाट खोकला आणि धाप लागण्याचा विकार जडतो. मोतीबिंदूचा धोकाही वाढतो. ज्यांना दमा किंवा हृदयविकार आहे, त्यांच्यासाठी धुराची एक सकाळही जड जाते.

लाकडातील पाण्याचे प्रमाण वजनाच्या एक-पंचमांशाहून खाली आले की ते स्वच्छ जळते. याकरिता माघ-फाल्गुनात लाकूड तोडून लगेच फोडावे, म्हणजे त्याला पूर्ण उन्हाळा मिळतो. ओंडका अखंड ठेवल्यास सालीमुळे आतील ओल बाहेर पडत नाही. मनगटाएवढ्या जाडीचे आणि हातभर लांबीचे तुकडे लवकर वाळतात, आणि थकलेल्या हातांनाही ते एकेक करून सहज उचलता येतात. वाळल्याची खूण सोपी आहे. दोन तुकडे एकमेकांवर आपटावेत. वाळलेले खणखणतात, ओले बद्द वाजतात. वाळलेल्या लाकडाच्या टोकांना भेगाही पडलेल्या दिसतात.

कण्हेरीचे लाकूड सरपणात कधीही घेऊ नये, कारण तिचा धूरही विषारी असतो. बिब्ब्याचे लाकूडही टाळावे. त्याचा चीक अंगावर उततो, हे जुनी माणसे जाणतातच. रंग दिलेल्या फळ्या, प्लायवूड आणि प्लॅस्टिक यांना चुलीत थारा देऊ नये. न्हाणीघरात बंब पेटलेला असताना खिडकी उघडी ठेवावी, कारण बंद जागेत साचणाऱ्या विषारी वायूला वास नसतो.

मोठी रास घरापासून दूर

घराच्या भिंतीला टेकून लाकडे रचण्याची सवय आपण मोडली पाहिजे. तेथे ओल टिकते, वाळवी लाकडांतून घरात शिरते आणि उंदरांना आयते बीळ मिळते. उंदरांमागून साप येतात. वर्षभराची मोठी रास घरापासून निदान दहा पावले दूर, पाणी न साचणाऱ्या उंचवट्यावर असावी.

प्रथम जांभ्याच्या चिऱ्यांच्या दोन समांतर रांगा मांडाव्यात आणि त्यांवर बांबू किंवा पोफळीचे खोड आडवे टाकावे. रास जमिनीपासून वीतभर तरी वर राहिली पाहिजे. खालून वारा खेळतो, आणि वाकून बॅटरी मारली की खाली काही दडले आहे का, हेही दिसते. दोन्ही टोकांना एक थर उभा व एक आडवा असे चौकटीसारखे तुकडे रचले म्हणजे रास ढासळत नाही. मधले तुकडे एकाच दिशेने, थोडी फट ठेवून लावावेत. वरच्या थरातील तुकड्यांची साल आकाशाकडे असावी.

राशीची उंची घरातील सर्वांत वृद्ध माणसाच्या कमरेपेक्षा फार जास्त नसावी. छातीच्या वर हात नेऊन लाकूड ओढताना तोल जातो, आणि रास अंगावर येण्याचीही भीती असते. लाकडे अधिक असतील तर रास उंच करण्याऐवजी लांब करावी.

आच्छादन केवळ वरून असावे. पत्रा, जुनी कौले किंवा झापे उतरती बसवून कडेला वीतभर पुढे काढावीत. संपूर्ण रास ताडपत्रीत गुंडाळली तर आत वाफ धरते आणि लाकडांवर बुरशी येते. ती झटकताना दम्याच्या रुग्णाला त्रास होतो. आपल्याकडे पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून त्या बाजूला राशीपासून हातभर अंतरावर झापांचा एक कूड उभा करावा. पाऊस अडतो आणि वारा थांबत नाही.

लहान रास हाताशी

येथे एक अडचण उभी राहते. रास दूर नेली तर आजीने भर पावसात, शेवाळलेल्या अंगणातून लाकडे आणावयाची काय? मुळीच नाही. पावसाळ्यात अंगणात घसरून खुब्याचे हाड मोडणे हे ज्येष्ठांच्या बाबतीत विंचवाइतकेच गंभीर संकट आहे.

याकरिता दोन राशी असाव्यात. पडवीत, न्हाणीघराच्या वाटेवर, पण चुलीच्या ठिणगीपासून दूर, आठवडाभर पुरेल एवढी लहान रास ठेवावी. ती जमिनीवर न रचता गुडघ्याएवढ्या उंचीच्या मजबूत फळीवर रचावी, म्हणजे वाकावे लागत नाही. फळीखालची जागा पूर्ण मोकळी ठेवून रोज झाडावी. ही लहान रास भरण्याचे काम घरातील तरुण माणसाने उघडीप पाहून, दिवसाउजेडी करावे. त्याने पायांत बूट आणि हातांत जाड मोजे घालावेत. प्रथम काठीने रास ठोकावी, थोडे थांबावे, मग वरून एकेक लाकूड उचलून झटकावे. मधूनच लाकूड ओढू नये.

लहान राशीजवळ दिव्याचे बटण असावे आणि वीज गेल्यास बॅटरी खुंटीला टांगलेली असावी. ज्येष्ठांनी एका वेळी दोन-तीन तुकडेच न्यावेत, आणि एक हात आधारासाठी मोकळा ठेवावा. कुसळ किंवा लाकडाची सल शिरल्यास जखम धुऊन धनुर्वाताच्या लसीबाबत डॉक्टरांना विचारावे. मधुमेही व्यक्तींनी तर लहान जखमही दुर्लक्षू नये.

दंश झाल्यास

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप. त्यांतील फुरसे लहान असते आणि दगड-लाकडांत सहज लपते. सर्पदंश झाल्यास त्या व्यक्तीला धीर देऊन स्थिर ठेवावे, बांगड्या आणि अंगठ्या काढाव्यात, दंश झालेला अवयव हलू देऊ नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णवाहिकेस उशीर होत असेल, तर मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. घट्ट आवळून बांधणे, चिरा देणे, विष चोखणे किंवा मांत्रिकाकडे नेणे यांत मोलाचा वेळ जातो आणि अपायही होतो.

कोकणातील लाल विंचवाचा दंशही क्षुल्लक समजू नये. घाम, उलटी, गार पडलेले हातपाय आणि धाप ही हृदयावर परिणाम होत असल्याची लक्षणे असतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि त्यामुळे असंख्य रुग्णांचे प्राण वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावयाचे असते. म्हणून घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालयात जावे.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी दोन शब्द

घरातील वृद्ध माणसाच्या हातून एखादे काम काढून घेणे आपल्याला सोपे वाटते, आणि त्यामागे मायाही असते. परंतु ज्या कामामुळे त्यांच्या दिवसाची सुरुवात होते, ते गेले की चालणे, वाकणे, बोलणे हळूहळू कमी होते. श्वासाचा गंभीर विकार, वारंवार चक्कर किंवा विसरभोळेपणा असेल, तर विस्तवाचे काम थांबविणेच योग्य. तो निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्यावा. इतरांच्या बाबतीत मात्र काम थांबविण्याआधी त्या कामाची जागा सुधारून पाहावी.

आमच्या घरी गिझर अजून आहे. काकूला बरे नसले की आम्ही तो लावतो. एरवी दर रविवारी माझा पुतण्या पडवीतील फळी भरतो आणि काकू खुर्चीवर बसून ओले तुकडे बाजूला काढावयास लावते. लाकूड वाजवून पाहण्याची परीक्षा त्याला तिनेच शिकविली आहे.

मृगाला अजून थोडे दिवस आहेत. या रविवारी आपल्या घरामागची रास एकदा घरातील ज्येष्ठांसोबत पाहून घ्यावी, आणि त्यांचा हात कोठवर पोहोचतो, हे विचारूनच ती रचावी.