पडतंय की नाही?

गोटी उतारावरून निघते, पुस्तकाला धडकते, पुस्तक पडतं, त्याला बांधलेल्या दोरीनं बादली कलंडते, आणि एवढ्या उठाठेवीनंतर कोपऱ्यातला दिवा लागतो. असले व्हिडिओ लागले की आमच्या घरात लगेच दोन पक्ष पडतात. मुलं म्हणतात, ‘हे कॉम्प्युटरवर केलंय.’ आई म्हणते, ‘यांना दुसरे उद्योग नाहीत का?’ गंमत अशी की व्हिडिओ संपेपर्यंत दोन्ही पक्षांतलं कुणी उठत मात्र नाही.

आईचं म्हणणं या प्रकाराच्या मूळ पुरुषाला पटलं असतं. रूब गोल्डबर्ग १९०४ साली बर्कलीच्या विद्यापीठातून इंजिनिअर होऊन बाहेर पडला आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या पाणी व सांडपाणी खात्यात चिकटला. चांगली नगरपालिकेची नोकरी. ती सोडून त्यानं व्यंगचित्रं काढायला घेतली. त्याचं १९३१ सालचं प्रसिद्ध चित्र आहे आपोआप तोंड पुसणाऱ्या रुमालाचं. सूप पिणाऱ्यानं चमचा तोंडाकडे नेला की दोरी ओढली जाते, पळी उडते, पळीतलं बिस्किट पोपटासमोरून जातं, पोपट त्यावर झेपावतो, त्याची दांडी कलते, दाणे बादलीत सांडतात, बादलीच्या वजनानं लायटर पेटतो, त्यावर अग्निबाण सुटतो, त्याला लावलेला विळा दोरी कापतो आणि रुमाल लंबकासारखा झुलत हनुवटी पुसतो. यंत्रांमुळे माणसाचे कष्ट वाचले, या प्रौढीची ती टर होती. पोपट ऐन वेळी झोपला तर काय, हा प्रश्न कागदावर येत नाही.

पुढच्यांनी ती टर शब्दशः घेतली आणि खरीखुरी यंत्रं मांडायला बसले. तिथून मुलांच्या पक्षाचं काम सुरू झालं. होंडाची ‘कॉग’ ही २००३ सालची दोन मिनिटांची जाहिरात घ्या. अकॉर्ड गाडीचे सुटे भाग एकमेकांना ढकलत जातात, आणि मध्येच टायर उतार सोडून चक्क चढावर चालू लागतात. बघणाऱ्यांनी तिथेच बोट ठेवलं : ही हातचलाखी! प्रत्यक्षात टायरच्या आत एका बाजूला वजनं बसवली होती. जड बाजू वर ठेवून टायर उभा करायचा. धक्का लागला की ती खाली येते आणि टायर वर चढतो. शाळेतल्या गुरुत्वमध्याच्या धड्यापलीकडचं त्यात काही नाही. जोडकाम होतं ते दुसरीकडे. एक-एक मिनिटाची दोन चित्रणं कॉम्प्युटरवर बेमालूम सांधली होती. म्हणजे लबाडी होती, पण संशय घेणाऱ्यांनी दाखवली तिथे नव्हती.

ओके गो या अमेरिकन बँडच्या ‘धिस टू शॅल पास’ या गाण्याचा २०१० सालचा व्हिडिओ मला त्याहून आवडतो. लॉस एंजेलिसच्या एका दुमजली गोदामात, गाण्याच्या तालावर, सुमारे चार मिनिटं चालणारं प्रचंड यंत्र. ते उभारणाऱ्या सिन लॅब्जच्या इंजिनिअरांना एक गोष्ट कळली : लहान वस्तूच जास्त दगा देतात. पियानो सोडला की पडतो. सोंगटीला मात्र जराशी धूळ किंवा वाऱ्याची झुळूक पुरते. म्हणून लहरी, हलक्या वस्तू सुरुवातीला ठेवायच्या. फसलं तर लवकर फसावं, पुन्हा मांडायला वेळ लागू नये. पियानो आणि टीव्ही फोडणं शेवटाकडे. कित्येक डझन वेळा यंत्र सुरू केलं, तेव्हा कुठे मोजक्या वेळा ते शेवटपर्यंत गेलं. आपल्याला दिसतं ते त्यातलं गेलेलं.

आता माझा पक्ष. सायकल स्टँडवर एक सायकल कलंडली की ओळच्या ओळ आडवी होते, पण तिथे कुणी टाळ्या वाजवत नाही. तिथे पडणं ठरलेलंच असतं. या यंत्रांत ते ठरलेलं नसतं. हे सर्वांत नेमकं ओळखलं पीटर फिश्ली आणि डेव्हिड वाइस या दोन स्विस कलावंतांनी. १९८७ साली आलेल्या त्यांच्या अर्ध्या तासाच्या चित्रपटाच्या सुरुवातीला एक कचऱ्याची पिशवी दोरीचा पीळ सुटत गरगर फिरते आणि इंचाइंचानं खाली येते. तिनं टायरला शिवायचं, एवढंच काम. पुढे फेस पसरतो, आग लागते, फळ्या झुकतात, आणि वरचेवर सगळं ठप्प झाल्यासारखं वाटतं. मग बघणारे पुढे सरकतात. ‘जा की, जा!’ असं पिशवीला, फळीला, टायरला सांगू लागतात. यंत्र किती वेगानं पळतं यावर कुणी जीव टाकत नाही. ते अडखळतं तिथे टाकतो. त्यातून होणारं काम बिनकामाचं असल्यामुळे आपला स्वार्थही नसतो. निव्वळ एका टायरची बाजू घेऊन माणसं बसलेली असतात. आईसुद्धा.

म्हणून एक मागणी आहे. आपल्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात प्रत्येक टेबलावर ‘उपयोग’ लिहिलेला तक्ता असतो. पाऊस आला की वाजणारी घंटा, कचरा वेगळा करणारा डबा. चांगलंच आहे. पण अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात १९८८ पासून गोल्डबर्गच्या नावानं राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, आणि २०१२ मध्ये तिथल्याच विद्यार्थ्यांनी फुगा फुगवून फोडायला ३०० टप्प्यांचं यंत्र केलं. या स्पर्धेत चालू यंत्राला हात लावला की गुण कापले जातात. आपल्याकडेही एक टेबल असं ठेवावं. त्यावर डबे, पट्ट्या, गोट्या, सुतळी, आणि काम एकच : पेन्सिल डब्यात टाकणे. परीक्षकांनी उपयोग विचारू नये. मुलांना विचारावं, कुठे अडलं होतं आणि मग काय बदललंत. याचं उत्तर पाठ करून देता येत नाही.