रोजकीर्द आणि खतावणी

प्रेमकथा लिहावयास हृदय पुरे, तेथे विद्येचे काय काम, असा एक समज आपल्याकडे फार जुना आहे; आणि शास्त्र पूर्णपणे हस्तगत झाल्यावाचून लेखणीस हात लावू नये, असा त्याच्या नेमका उलट समजही सुशिक्षितांत तितकाच दृढ आहे. अमरावती-अकोल्याकडील जी तरुण मंडळी नोकरी, शेती किंवा घरसंसार सांभाळून रात्रीच्या निवांत घटकेस कादंबरीची प्रकरणे लिहितात, त्यांची या दोन समजांच्या कात्रीत मोठी कुचंबणा होते. रोज लिहावे तर सदोष मजकुराचे ढीग वाढतात, आणि आधी शिकावे म्हटले तर शिकण्यास अंत नसल्यामुळे लेखन महिनोन्‌महिने तहकूब राहते. माझ्या मते या तंट्याचा निवाडा सोपा आहे: लेखन आधी, शास्त्र मागून, मात्र शास्त्राची पाळी ठरल्या दिवशी यावयास चुकू नये.

कापसाच्या व्यापारावर वाढलेल्या या मुलखास रोजकीर्द आणि खतावणी या दोन वह्यांचा परिचय करून देण्याचे कारण नाही. दिवसाचा व्यवहार जसा घडला तसा रोजकीर्दीत उतरतो, पुढे सवडीने तो खातेवार खतावणीत मांडला जातो, आणि तेव्हा कोठे येणे किती व तूट कशात, हे मालकास उमगते. नुसती रोजकीर्द लिहिणाऱ्यास आपली स्थिती कळत नाही, आणि रोजकीर्द कोरी ठेवून खतावणीचे रकाने आखीत बसणाऱ्याजवळ मांडावयास रक्कमच नसते. लेखनाचा नेम आणि कलेचा अभ्यास यांचे नाते याच प्रकारचे आहे.

नेमाचे सामर्थ्य सांगावयास हरिभाऊंसारखा साक्षीदार नाही. 1912 साली अकोल्यास भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या हरि नारायण आपट्यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो’सारखी कादंबरी त्यातून प्रकरणाप्रकरणाने वाचकांच्या हाती दिली; छापखान्याचा तगादा दर आठवड्यास दाराशी येई, आणि स्फूर्तीची वाट पाहण्याची चैन त्यांस परवडण्याजोगी नव्हती. इंग्लंडात अँथनी ट्रॉलोप टपालखात्याची चाकरी सांभाळून पहाटे लिहावयास बसे आणि समोर घड्याळ ठेवून दर पाव तासास अडीचशे शब्द स्वतःकडून वसूल करी. 1883 साली, त्याच्या मृत्यूनंतर निघालेल्या आत्मचरित्रात ही हकीकत वाचून पुष्कळ रसिकांनी नाके मुरडली, तरी त्याच्या कादंबऱ्या आजही वाचल्या जातात.

परंतु नेमास अभ्यासाची सोबत लाभली नाही तर काय होते, हेही आपल्याच मुलखात पाहावयास मिळते. अमरावती जिल्ह्याच्या उद्धव शेळक्यांनी 1960 साली ‘धग’ लिहून वऱ्हाडी बोलीस आणि त्यातील नायिका कौतिक हिच्या कष्टमय संसारास मराठी कादंबरीत अढळ स्थान मिळवून दिले. पुढे लेखणीवरच चरितार्थ चालवावयाचा असल्यामुळे त्यांनी लोकरंजनाच्या कादंबऱ्या एकामागून एक लिहिल्या, आणि तरीही आज त्यांचे नाव निघताच ओठांवर येते ती ‘धग’च. यात त्यांचा दोष काढणे अन्यायाचे होईल, कारण ज्याचे पोट पुढच्या हस्तलिखितावर अवलंबून आहे त्यास मागचे उघडून तपासण्याची उसंत कोण देणार? दुसऱ्या टोकास तर्कशास्त्राचे प्राध्यापक ना. सी. फडके उभे आहेत. 1931 साली ‘प्रतिभासाधन’ लिहून त्यांनी कथेचे तंत्र मराठी लेखकास शिकविले व आपल्या प्रणयकथांनी तरुण वाचकांस वेड लावले; तथापि तंत्राची घडी कालांतराने इतकी पक्की बसली की, नायक-नायिका कोणत्या वळणावर भेटणार याचा अदमास चाणाक्ष वाचकास आधीच येऊ लागला.

शृंगाराची विद्या शिकण्यासाठी वऱ्हाडच्या लेखकास दूर जावयास नको. दमयंती, इंदुमती, मालविका या नायिका विदर्भाच्याच, आणि रुक्मिणीचे कौंडिण्यपूर तर वर्धेच्या तीरी अमरावती जिल्ह्यातच आहे. भागवताच्या दशम स्कंधातील तिचे श्रीकृष्णास धाडलेले पत्र भाविकाप्रमाणेच कथाकाराच्या नजरेनेही वाचून पाहावे. विवाह उद्यावर येऊन ठेपला आहे ही मुदत, नगराबाहेरील देवीचे मंदिर हे स्थळ, शिशुपालाशी ठरलेला विवाह हा अडथळा, आणि तू न मिळालास तर प्राण ठेवणार नाही हा निर्धार, एवढा सगळा ऐवज त्या मोजक्या श्लोकांत आहे. शिवाय योजना संपूर्णपणे नायिकेची असून नायकाकडे केवळ अंमलबजावणी येते. ते मंदिर म्हणजे अमरावतीची अंबादेवीच, अशी येथील लोकांची श्रद्धा आहे.

भरतमुनींनी याहून सूक्ष्म गोष्ट सांगून ठेविली आहे. करुण निरपेक्ष आणि विप्रलंभ सापेक्ष, असा भेद त्यांनी केला. म्हणजे विरहात पुनर्भेटीची आशा तेवत असते तोवर तो शृंगार, आणि ती विझली की करुण. परतवाड्यास जन्मलेले व 1981 च्या अकोला संमेलनाचे अध्यक्ष झालेले गो. नी. दांडेकर यांची ‘शितू’ ही कादंबरी या दृष्टीने प्रकरणवार वाचावी आणि बालविधवा शितू व विसू यांच्या कथेत ही हद्द नेमकी कोठे ओलांडली जाते याचा शोध घ्यावा. दहा व्याख्याने ऐकून जे उमजणार नाही ते या एका तपासणीने उमजेल.

आपल्या कथेतील विघ्न मात्र दूरदर्शनवरील मालिकांतून उसने आणू नये. “पोरगं साजरं हाये, वावरही हाये, पण नवकरी नाई ना भाऊ,” हे वाक्य आज वऱ्हाडातील कोणत्याही गावी सोयरिकीच्या बैठकीत कानी पडते. शेतकऱ्याच्या मुलास मुलगी देण्यास शेतकरी बापच धजत नाही, आणि जिने आपल्या आईचा जन्म कोरडवाहू कपाशीत झिजताना पाहिला त्या मुलीसही, तिचे मन त्या मुलावर असले तरी, होकार देताना शंभरदा विचार करावा लागतो. येथे दुष्ट कोणी नाही, प्रत्येकाचे म्हणणे रास्त आहे. आणि दोन रास्त म्हणण्यांच्या संघर्षातून उत्पन्न झालेले विघ्न खलपुरुषाने घडविलेल्या विघ्नाहून शतपट बलवान असते.

तेव्हा आठवड्याचे सहा दिवस, पान असो वा अर्धे पान, लिहावे व मागे वळून पाहू नये. सातव्या दिवशी नवे काही न लिहिता त्या आठवड्याची पाने काढावीत आणि त्यांस एकच प्रश्न विचारावा: या वेळी मुदतीचा, पुढील वेळी अडथळ्याचा, त्यापुढे संवादाचा. सगळे दोष एकाच बैठकीत निपटावयास निघालेला मनुष्य सोमवारी पुन्हा लिहावयास बसत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

जाता जाता संस्थांसही एक विनंती. विदर्भ साहित्य संघाची स्थापना 14 जानेवारी 1923 रोजी अमरावतीस झाली. त्या वारशाचे स्मरण ठेवून संघाच्या येथील शाखांनी व दोन्ही शहरांतील वाचनालयांनी महिन्यातील एक संध्याकाळ प्रेमकथेच्या कच्च्या खर्ड्यांसाठी राखून ठेवावी, आणि हा वाङ्मयप्रकार हलका मानून त्यास ओसरीवर बसविण्याची रीत सोडावी. वर्गणी, पदवी, शिफारस यांपैकी कशाचीही अट नको. त्या महिन्यात लिहिलेली पाने मात्र प्रत्येकाने बरोबर आणलीच पाहिजेत. रिकाम्या हाताने आलेल्यास बसावयास जागा द्यावी, परंतु इतरांच्या पानांवर मत देण्याचा अधिकार देऊ नये.